सतरावं चित्र

४ फेब्रुवारी

दादा,

सोबत एक फॉर्म आहे. दोन पानी. दुसऱ्या पानावर तुझी माहिती भरायची आणि खाली सही. साक्षीदार लागत नाही, मी दोनदा विचारून घेतलं. बाबांचे जुने इंग्रजी विज्ञानकोश विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायचे आहेत. वारस आपण दोघं, म्हणून संमती दोघांची. माझी सही झाली आहे. १२ मार्चला त्यांची गाडी येणार.

बाबा गेल्याचं नोव्हेंबरात कळवलं होतं. ते पत्र परत आलं नाही, म्हणून पत्ता बरोबर आहे असं धरते. पत्ता आत्याने दिला.

मी बरी आहे. औषधांच्या कंपनीत तक्ते तपासायची नोकरी आहे. रोज सकाळी कामावर जायच्या आधी दोन तास पुस्तकं मोजते. अकरा संच, एकूण सदतीस खंड. सगळ्यांत जुना तीनशे वर्षांचा. कातडी बांधणीचा तांबूस भुगा हाताला लागतो आणि साबणाने लवकर जात नाही. कंपनीत शेजारची विचारते, मेंदी काढतेस का गं रोज. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

ग्रंथपाल दोनदा येऊन गेले. त्यांना सतत सर्दी असते. ते म्हणाले, "तुमचे वडील काटे आणि वजनं तपासणारे इन्स्पेक्टर. त्यांना हे वेड लागलं कुठून?" मी म्हटलं, माहीत नाही. मग त्यांनी विचारलं की आपलं शिक्षण घरीच झालं म्हणतात ते खरं का. मी सांगितलं, खरं. आई नव्हती, बाबांची नोकरी फिरतीची, तेव्हा सकाळी बाबा शिकवायचे आणि ते गेले की दिवसभर दादा. हेच कोश क्रमिक पुस्तकं म्हणून. आणि काळाच्या क्रमाने. आधीच्या माणसांना जेवढं कळलं होतं तेवढं आधी, पुढचं पुढे.

तू गेल्यावर वर्षभरात त्यांनी मला शाळेत घातलं, हे तुला माहीत नसेल. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, ग्रह किती. मी उभी राहून म्हटलं, सहा. वर्ग हसला. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. आपण अजून तिथवर पोचलो नव्हतो." ग्रंथपाल हे ऐकून इतके हसले की त्यांना शिंका सुटल्या.

त्यांना पुस्तकांइतकीच बाबांची नोंदवही हवी आहे. प्रत्येक संच कुठून आला, कुठलं पान डागाळलंय, कुठलं चित्र फाटलंय, सगळं तीस वर्षांचं त्यात आहे. ग्रंथालय संग्रहाची सूची छापणार, आणि तीत बाबांच्या नोंदी जशाच्या तशा घालणार.

एका नोंदीत तू आहेस. ज्या दोन खंडी कोशाला आपण 'पाद्री' म्हणायचो, त्याचा दुसरा खंड. 'चित्र सतरावे, वायुपंप, घडीचे. नाही. ब्लेडने कापून नेले. मोठ्याचे काम.' खाली तारीख आणि बाबांची सही. ग्रंथपालांनी विचारलं, "मोठा म्हणजे कोण?" मी म्हटलं, माझा भाऊ. ही ओळ वगळता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "एक वगळली की दुसरी का नाही, असं होतं. नोंदवही आहे तशी छापण्यातच तिची किंमत."

म्हणजे ती छापली जाईल. हे तुला सही करण्याआधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

चिमटी

१२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलेलं नाही. फॉर्म मिळाला असेल असं धरते.

काल ग्रंथालयाने त्यांच्या बाइंडरबाईंना पाठवलं होतं, कुठल्या खंडांना आधी दुरुस्ती लागेल ते बघायला. साठीच्या आहेत, बोटांना कायम खळ लागलेली असते आणि त्या कुणालाही अरेतुरे करतात. 'पाद्री'चा दुसरा खंड त्यांच्यापुढे ठेवला आणि नोंद वाचून दाखवली. त्यांनी ते पान उघडलं, बोट फिरवलं, भिंग लावलं.

"हे कापलंय असं कोण म्हणालं?"

"वडील."

"वडील बाइंडर होते का तुझे?"

"नाही."

"तरीच."

तुला तो खुंट आठवत असेल. दोन पानांच्या मध्ये बोटभर रुंदीची कागदाची पट्टी, शिलाईतून वर आलेली. बाबांनी तिच्यावर बोट ठेवून तुला विचारलं होतं, हे काय आहे. बाईंचं म्हणणं असं. त्या काळी मजकूर वेगळा छापायचे आणि तांब्याच्या पत्र्यावरची चित्रं वेगळी. सगळे सुटे कागद बांधणाऱ्याकडे जायचे. कुठलं चित्र कुठल्या पानासमोर, त्याची यादी शेवटी छापलेली असायची. बांधणारा चित्र चिकटवण्यासाठी कोऱ्या कागदाची एक पट्टी शिवून ठेवायचा. ही पट्टी तीच. चित्राचा कागद जाड असतो, हा पातळ आहे. शिवाय कड ब्लेडची नाही, कात्रीची आहे आणि तीनशे वर्षांइतकीच मळलेली आहे. या पट्टीला कधी काही चिकटलेलंच नव्हतं.

"मग चित्र गेलं कुठे?" मी विचारलं.

"बांधणारा यादी वाचतोच असं नाही गं. आम्ही तरी कुठे वाचतो? घडीच्या चित्राला दिसेल त्या घडीच्या चित्राशेजारी डकवलं असेल मेल्याने. आण पहिला खंड."

पहिल्या खंडात पाणी आणि द्रव यांच्या लेखासमोर नववं चित्र आहे, तेही घडीचं. त्याच्याच घडीच्या आत, त्याच पट्टीला पाठीमागून चिकटवलेला वायुपंप होता. बाईंनी तो उलगडला. काचेची हंडी, दोन नळकांडी, दातेरी चाक. हंडीत पक्षी. वरच्या कोपऱ्यात आकडा सतरा. कागद इतका पांढरा की नवा वाटावा.

बाबा दरवर्षी चित्रं मोजायचे. यादी हातात घेऊन, त्या त्या पानावर जाऊन, आहे-नाही. पहिल्या खंडात नववं आहे का, आहे. दुसऱ्यात सतरावं आहे का, नाही. घडी पूर्ण उलगडून बघायची नाही, कारण उलगडण्याने कागद मोडतो, ही त्यांचीच शिस्त. आपणही तसंच मोजायचो.

दुपारी आत्या आली होती. तिला दाखवलं. ती बराच वेळ पक्ष्याकडे बघत राहिली.

"म्हणजे हे पुस्तकातच होतं?"

"हो."

"तुझ्या बापाने अख्ख्या शहराचे काटे तपासले. गुंजेचा फरक पकडायचा. किराणावाले त्याला बघून दुकानाच्या फळ्या लावून घ्यायचे." मग म्हणाली, "आणि पोराला घालवलं ते या बाटलीतल्या चिमणीपायी."

मी म्हटलं, चिमणी नाही ती, वर नाव दिलंय. आत्या म्हणाली, "तू गप गं."

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं म्हणून थोडा वेळ तिथेच बसून राहिले. मग बस चुकली.

चित्र सापडलं आहे, एवढंच कळवायचं होतं.

चिमटी

१९ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलेलं नाही. पण पत्र पुन्हा डोळ्यांपुढे आणलं तेव्हा असं दिसलं की ते वाचून तुझा समज चुकीचा होईल. बाइंडरबाईंनी घडी उलगडली तेव्हा मला आश्चर्य वाटलं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण तुला तसं वाटलं असेल.

चित्र तिथे आहे हे मला नऊ वर्षांपासून माहीत होतं.

मी सोळा वर्षांची होते. कांजिण्या झाल्या होत्या, शाळा बंद, घरात एकटी. बाबांना कळणार नाही म्हणून मी सगळ्या घड्या उलगडून बघायला घेतल्या. तीन संच उलगडले. चौथा 'पाद्री'. बाबा संध्याकाळी आले तेव्हा मी खंड टेबलावर उघडा ठेवून बसले होते. त्यांनी आधी मला विचारलं, अंगावर पुरळ असताना पुस्तकांना हात का लावलास. मग बघितलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा बघितलं. पट्टीने लांबी-रुंदी मोजली. चित्राच्या मागे पेन्सिलीने एक ठिपका काढला, ते तपासलेल्या प्रत्येक चित्रामागे काढायचे तसा. तो अजून आहे. बाइंडरबाईंनी तो बघितला आणि माझ्याकडेही बघितलं.

मी विचारलं, "दादाला कळवायचं?"

बाबा म्हणाले, "बघू."

मी विचारलं, "नोंद दुरुस्त करायची?"

ते म्हणाले, "ठेव जागेवर."

मी ठेवलं. नोंद दुरुस्त झाली नाही. पुढे दरवर्षी ते मोजायचे, दुसऱ्या खंडाशी आले की जरा थांबायचे आणि पुढे जायचे. मी शेजारी बसून यादी वाचायचे. मी 'सतरा' म्हणायचे. ते म्हणायचे, 'पुढे'. मला वाटायचं, यंदा ते काहीतरी वेगळं म्हणतील. नऊ वेळा.

शेवटी शेवटी दवाखान्यात त्यांना बोलायला त्रास व्हायचा. एकदा हाताने खूण करून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता. ते म्हणाले, "संच फोडू नकोस." मी म्हटलं, नाही फोडणार. एवढंच.

पत्ता आत्याने दिला असं मी लिहिलं होतं. कधी दिला ते लिहिलं नव्हतं. तोही त्याच वर्षी दिला. म्हणजे तुला एका ओळीचं कार्ड टाकायला मला नऊ वर्षं होती. कार्डं घरात होती. बाबा खोटे पडतील म्हणून टाकलं नाही असं मी स्वतःला सांगायचे, ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं असं. त्या दिवशी बाबांनी तुला दारापाशी उभं केलं आणि मला आत बोलावलं. जुन्या पुस्तकांचा दलाल आदल्या दिवशी घरी येऊन गेला होता, तू त्याच्याशी फाटकापाशी बोलत उभा होतास, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांना एवढंच हवं होतं की हातात ब्लेड पाहिलेलं कुणी असावं. त्यांनी मला विचारलं, "कपाटापाशी याच्या हातात ब्लेड होतं का?" मी म्हटलं, "होतं." ते म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, तू आता सांगशील. तू सांगितलं नाहीस.

तू माझी पेन्सिल करत होतास. मीच दिली होती तुझ्या हातात. टोक सारखं मोडत होतं आणि तू म्हणालास, "तुला पेन्सिल नको, टाचणीच हवी." सालं कपाटापाशी पडली होती, ती मी नंतर झाडून काढली.

पेन्सिलीचं मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. बाबांची शिकवण होती ना, विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, पदरचं घालायचं नाही. मी बारा वर्षांची होते हेही खरं. पण पेन्सिल सांगायची असते हे मला तेव्हा कळत होतं. जुन्या इंग्रजी छपाईतला एस एफसारखा दिसतो म्हणून तू सूर्याच्या पानावर मुद्दाम 'सन'चं 'फन' वाचायचास, मी हसून लोळायचे, आणि का हसलीस म्हणून बाबांनी विचारलं की मी खरं सांगायचे आणि तुला शिक्षा म्हणून उभं राहावं लागायचं. खरं बोललं की बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. त्या दिवशीही ठेवला.

फॉर्मवर सही करण्याआधी हेही तुला माहीत असावं.

चिमटी

२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं काही आलं नाही. येईल असं धरलेलं नाही.

नोंदवहीचं सांगते. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे: खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, चूक झाली तर खाली दुरुस्ती लिहून तारीख आणि सही. मी ग्रंथपालांना फोन करून विचारलं की अशी दुरुस्ती मी लिहिली तर चालेल का. ते एकदम गंभीर झाले.

"अहो ताई, असं करू नका. ती आता ऐतिहासिक वस्तू आहे. दुसऱ्याच्या हाताची एक ओळ पडली तरी सगळ्या वहीबद्दल शंका निघते. आम्ही सूचीत तळटीप देतो ना, चित्र पुढे सापडलं म्हणून."

"आणि 'मोठ्याचे काम'?"

"ते राहील. तळटीप असेल खाली."

"तळटिपेत काय लिहाल?"

"चित्र पहिल्या खंडात चुकून बांधले गेले होते, असं."

मी म्हटलं, यात तो दलाल नाही, ब्लेड नाही, मी नाही आणि नऊ वर्षं नाहीत. ते म्हणाले, "ताई, ही विज्ञानकोशांची सूची आहे." ते चुकीचं बोलत नव्हते. त्यांना शिंक आली, मग फोन ठेवला.

आज सकाळी लिहिलं. बाबांच्याच शाईने, बाटली तळाशी थोडी ओली होती. त्यांच्या सहीखाली जागा होती. मजकूर असा:

'वरील नोंद चुकीची आहे. चित्र कापले गेले नव्हते. ते पहिल्या खंडात नवव्या चित्रामागे आहे. ते मला सापडले तेव्हा मी सोळा वर्षांची होते व त्याच दिवशी वडिलांना दाखवले. त्यांनी नोंद बदलली नाही. मीही भावाला कळवले नाही. त्याच्या हातात ब्लेड होते ते माझी पेन्सिल करण्यासाठी. हे मी त्या वेळी सांगितले नाही.'

खाली तारीख आणि माझं पूर्ण नाव. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवून कामावर गेले. अक्षर बाबांसारखंच येतं माझं, ते लिहिताना कळलं. कुणाला वाटेल त्यांनीच लिहिलं, म्हणून सहीपुढे 'मुलगी' असंही लिहिलं.

संध्याकाळी ग्रंथपालांना सांगितलं. ते म्हणाले, "आता काय करायचं?" मी म्हटलं, नको असेल तर वही घेऊ नका. ते म्हणाले, "तसं नाही हो." आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "भाऊ कुठे असतात तुमचे?" मी गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "बरेच लांब."

सूचीत ती दुरुस्ती छापायची की नाही ते त्यांच्या समितीत ठरेल. वहीत मात्र ती आहे.

चिमटी

१२ मार्च

दादा,

फॉर्म परवा मिळाला. पाकिटात दुसरं काही नव्हतं, मी पाकीट कापून सपाट करून बघितलं. सही ओळखू आली. स घोटून काढायची सवय गेलेली नाही. पूर्ण नाव, वय, पत्ता, धंदा. तू विमानांचे मोजमापाचे काटे दुरुस्त करतोस हे मला धंद्याच्या रकान्यातून कळलं. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बापावरच गेला की." मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली, भांडी घासलेली असताना.

आज दहा वाजता गाडी आली. ग्रंथपाल स्वतः आले होते, दोन हमाल, रिकामी खोकी, कापूस, दोरी. मी खंड कापडात बांधून, चिठ्ठ्या लावून ओळीने जमिनीवर ठेवले होते. ग्रंथपालांनी दारातच फॉर्म मागितला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं.

"हा एक रकाना राहिलाय. 'संग्राहकाशी नाते'."

मी म्हटलं, हो.

"कोरा ठेवून चालत नाही, ऑफिस परत पाठवेल. भरून टाका तुम्ही. 'मुलगा' लिहा, झालं."

"मी लिहिलं तर चालतं?"

"न चालायला काय झालं? तुम्ही सख्ख्या बहीण. तुम्ही सांगताय म्हटल्यावर कोण विचारतंय?"

त्यांनी स्वतःचं पेन उघडून माझ्यापुढे धरलं. हमालांनी पहिलं खोकं उघडून ठेवलं होतं. मी फॉर्म टेबलावर घेतला. रकाना दोन बोटं रुंद आहे. तीन अक्षरं मावतात. बाकीचे सगळे रकाने तू एका लयीत भरलेस आणि हा सोडलास, म्हणजे विसरला नाहीस. तुला हे काय म्हणायचंय ते मला माहीत नाही. 'नाही' म्हणायचंय की अजून ठरलेलं नाही, की तिथे लिहायला शब्दच नाही तुझ्याकडे.

मी म्हटलं, "मी नाही लिहिणार."

"का?"

"त्याच्याबद्दल मी एकदा बोलले आहे."

ग्रंथपालांनी नोंदवही वाचलेली आहे. त्यांनी पेनाला टोपण लावलं. हमालांना म्हणाले, "खोकी उचला रे परत." एक हमाल म्हणाला, "साहेब, मग आम्हाला बोलावलंत कशाला?" ते म्हणाले, "चहा पाजतो, चल." जाताना मला म्हणाले की समितीची पुढची बैठक जूनमध्ये आहे, तोवर जागा राखून ठेवायचा प्रयत्न करतो, शब्द देत नाही.

फॉर्म सोबत परत पाठवते आहे. तो रकाना तुझा आहे. त्यात काही लिहिलंस तर ते, आणि कोराच परत पाठवलास तर कोरा, मी तसाच त्यांना देईन. त्यांनी घेतला नाही तर पुस्तकं इथेच राहतील.

मी खंड पुन्हा फळीवर लावते आहे. एकवीस झाले.

चिमटी